राजघाटाच्या पायऱ्या आणि कराराचा कायदा

बांधकाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगड, वाळू, सिमेंट, गवंडी आणि मुकादम उभे राहतात. वकील काही उभा राहत नाही. तो येतो तो भांडण पेटल्यावर, आणि तोपर्यंत कामाचे कागद एक तर हरवलेले असतात किंवा मुळात लिहिलेलेच नसतात. आपल्या कुटुंबांतून अभियंते झाले, वकील झाले, ठेकेदारी तर कित्येक घरांत वडिलोपार्जित आहे. परंतु या तिघांच्या बरोबर मध्ये जो एक विषय बसतो, त्याच्याकडे आपल्या तरुणांचे लक्ष अद्याप म्हणावे तसे गेलेले नाही. तो विषय म्हणजे बांधकाम-कराराचा कायदा. पदवीनंतर एक-दोन वर्षे देऊन शिकावा असा हा विषय आहे, ही गोष्टच पुष्कळांना नवी वाटेल. म्हणून त्यात काय शिकवतात, ते आपल्या गावाच्या एका उदाहरणाने सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

उदाहरण काल्पनिक आहे, पण जागा खरी. असे समजा की बुऱ्हाणपुरात राजघाटाच्या काही पायऱ्या खचल्या आहेत आणि त्या पुन्हा बांधावयाच्या आहेत. काम चोवीस लाखांचे, मुदत बारा महिन्यांची. आषाढ शुद्ध सप्तमीस तापी जयंती; तत्पूर्वी पायऱ्या तयार व्हाव्यात अशी सर्वांची इच्छा. निविदा निघाली, ठेकेदाराने बयाणा रक्कम भरली, दर मंजूर झाले, सह्या झाल्या. आता यात कायद्याचा एवढा अभ्यास करण्यासारखे काय आहे, असे कोणीही विचारील.

पहिला प्रश्न मुदतीचाच घ्या. काम सप्तमीपर्यंत झाले नाही, तर करार मोडून ठेकेदारास घालविता येईल काय? सामान्य माणूस म्हणेल, अर्थातच येईल; मुदत म्हणजे मुदत. कायदा इतक्या सरळ रेषेत चालत नाही. भारतीय करार अधिनियम 1872 सालचा. त्याचे 55 वे कलम असे विचारते की, मुदत हे त्या कराराचे मर्म होते की नव्हते? मर्म असेल तर मुदत टळताच करार मोडण्याचा हक्क मिळतो. नसेल तर फक्त झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. आणि मर्म आहे की नाही हे करारात 'मुदत अत्यंत महत्त्वाची आहे' असे ठळक अक्षरांत छापल्याने ठरत नाही.

यावरचा सर्वात बोधप्रद खटला आपल्या मराठी मुलखातला आहे. नाशिकच्या डाव्या कालव्यावर, दुसऱ्या मैलात, आळंदी नदीवरून पाणी नेणारा जलसेतू बांधण्याचे काम हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स या ठेकेदारास मिळाले होते. मुदत बारा महिने, आणि ती मोजावयाची 1955 च्या जुलैपासून. जुलैत त्या डोंगराळ भागात काय असते, हे आपल्याला सांगावयास नको. पाऊस, चिखल, आणि गाडी जाईल असा रस्ता नाही. वर्ष सरले, काम अपुरे राहिले; ठेकेदाराने मुदतवाढ मागितली, ती मिळाली नाही, आणि 1956 च्या ऑगस्टात सरकारने करार रद्द केला. वाद शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला व 1979 साली निकाल लागला. न्यायालयाने कराराच्या कलमांकडे बोट दाखविले. उशीर झाला तर दंड किती घ्यावयाचा हे ज्या करारात लिहिले आहे, आणि सबळ कारण असेल तर मुदत वाढवून द्यावी हेही ज्यात लिहिले आहे, त्यात मुदत हे मर्म होते असे म्हणणे कठीण आहे. सरकारला ती मर्म करावयाची होती, तर आणखी वाजवी मुदत नेमून देऊन तशी स्पष्ट नोटीस द्यावयास हवी होती. ती न देता करार मोडला तो चुकीचा ठरला, आणि ठेकेदार जिंकला.

एका ओढ्यावजा नदीवरील छोट्या कामासाठी तेवीस-चोवीस वर्षे! जिंकलेल्या ठेकेदाराचा हिशेब वेगळाच मांडावा लागेल. पण विद्यार्थ्यासाठी हा खटला म्हणजे एक संपूर्ण धडा आहे. राजघाटाच्या करारात तापी जयंतीची तारीख खरोखरच महत्त्वाची असेल, तर ती का महत्त्वाची आहे, त्या दिवशी घाटावर किती गर्दी होते, आणि पावसाळ्याचे महिने बारा महिन्यांत धरले आहेत की वगळले आहेत, हे करारातच लिहावयास हवे. छापील नमुन्यात ते नसते. ते कोणी तरी विचार करून लिहावे लागते, आणि असा विचार करणारा माणूस तयार करणे हेच या अभ्यासक्रमाचे काम.

दुसरा प्रश्न जमिनीखालचा. पाया खणताना काळा पाषाण लागला. ठेकेदार म्हणतो, मी मातीचा दर भरला होता. खडक फोडण्याचा दर निराळा द्या. मालक म्हणतो, नदीत खडक असणारच, तुम्ही पाहून दर भरावयाचा होता. येथे अभ्यासक एक कसोटी लावतो, आणि ती जगभर वापरली जाते. अभियंता-सल्लागारांची 'फिडिक' नावाची आंतरराष्ट्रीय संघटना 1913 पासून आहे. तिच्या बांधकाम-कराराचा लाल पुठ्ठ्याचा नमुना प्रथम 1957 साली निघाला. त्यातला प्रश्न असा की, अनुभवी ठेकेदारास निविदा भरतेवेळी या अडचणीचा वाजवी अंदाज येण्यासारखा होता काय? आता गंमत पाहा. सतराव्या शतकाच्या आरंभी बुऱ्हाणपुरास आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज प्रवाशाने तापीच्या पात्रातील दगडी हत्तीचे वर्णन लिहून ठेवले आहे. तो इतका हुबेहूब की पाणी प्यावयास आलेला जिवंत हत्ती त्याला धडकला, अशी कथाही त्याने दिली आहे. ज्या नदीच्या पात्रात हत्ती कोरण्याजोगा दगड चारशे वर्षांपूर्वीच प्रवाशांना दिसत होता, तेथे खडक अनपेक्षित होता असे म्हणणाऱ्या ठेकेदाराची बाजू थोडी लंगडीच पडेल! पण मालकाने निविदेबरोबर भूगर्भतपासणीचा अहवाल दिला असेल आणि त्यात सहा हात माती दाखविली असेल, तर पारडे लगेच फिरते. म्हणजे निकाल खडकावर नाही, तर कोणी कोणास काय कळविले होते यावर लागतो.

फिडिकच्या 1999 च्या नमुन्यात आणखी एक जाचक अट आहे. जादा पैसे किंवा जादा मुदत हवी असेल, तर कारण कळल्यापासून 28 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी. नाही तर हक्क गेला. आपल्याकडचे ठेकेदार भिडस्त. साहेबांना पत्र लिहिले तर ते रागावतील, बिल अडेल, म्हणून गप्प बसतात आणि शेवटच्या बिलात सगळे एकदम मागतात. तोवर गाडी निघून गेलेली असते.

तिसरा प्रश्न केवळ आपल्यासारख्या जुन्या शहरातच उद्भवतो. बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यातील राजवाडा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात 2010 साली जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत परवानगीवाचून काही करता येत नाही. दुरुस्तीलाही परवानगी लागते. काम या अंतरात येते की नाही, हे फीत लावूनच ठरवावे लागेल. पण येत असेल आणि परवानगीस आठ महिने लागले, तर ते आठ महिने कोणाचे? ठेकेदाराची माणसे, मिक्सर, भाड्याच्या पाट्या-फळ्या बसून राहिल्या, त्यांचे पैसे कोणी द्यावयाचे? करारात 'सर्व परवानग्या ठेकेदाराने आणाव्यात' असे एक वाक्य असले तर एक उत्तर, 'जागा मोकळी करून देण्याची जबाबदारी मालकाची' असे असले तर दुसरे. आणि दोन्ही वाक्ये एकाच करारात असली (असा प्रकार आपण समजतो त्याहून अधिक वेळा घडतो) तर वकिलांची दिवाळी.

बसून राहण्याच्या नुकसानीचा हिशेब कसा करतात, तेही थोडक्यात सांगतो. हडसन या नावाने ओळखले जाणारे एक सूत्र आहे. आपल्या उदाहरणात ठेकेदाराने कचेरीखर्च व नफा मिळून दहा टक्के धरले होते असे समजू. चोवीस लाखांचे दहा टक्के म्हणजे 2 लाख 40 हजार. बारा महिन्यांनी भागले की महिन्याला 20 हजार. तीन महिने उशीर मालकामुळे झाला तर 60 हजार. दिसावयास फार सोपे. परंतु यात एक गृहीत लपलेले आहे: ही माणसे व यंत्रे मोकळी असती तर ठेकेदाराने दुसरीकडे तेवढेच कमावले असते. तशी दुसरी कामे खरोखर हातात होती काय? 2006 च्या मॅक्डरमॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी सूत्रे वापरण्यास लवादास मोकळीक दिली. 2023 च्या बाटलीबॉय खटल्यात मात्र पुराव्यावाचून नुसत्या सूत्रावर पैसे देण्यास चांगलाच आळा घातला. विद्यार्थ्यास हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावे लागतात. सूत्र पाठ करणे एका संध्याकाळचे काम. ते कोठे लागू पडत नाही हे समजण्यासच वर्ष जाते.

उलट बाजूने मालक दंड लावतो. त्यासाठी 74 वे कलम. करारात दंड लिहिला म्हणून तो सगळा मिळतोच असे नाही. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, तिच्या आत वाजवी असेल तेवढे मिळते, असे 1963 पासून न्यायालये सांगत आली आहेत. मात्र घाटासारख्या सार्वजनिक कामात उशिराचे नुकसान रुपयांत सिद्ध तरी कसे करावयाचे? भाविकांना पायऱ्या मिळाल्या नाहीत याची किंमत किती? अशा ठिकाणी, पक्षांनी आधीच प्रामाणिकपणे ठरविलेला वाजवी आकडा नुकसानीचा वेगळा पुरावा न मागता मान्य करता येतो, असे 2003 च्या सॉ पाइप्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तेव्हा मालकाने दंडाचा आकडा रागाने नव्हे, तर हिशेबाने लिहावा.

भाव वाढले तर? येथे बांधकामाच्या विद्यार्थ्यास तुपाचा खटला वाचावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करास तूप पुरविण्याचे काम पाहणाऱ्या अलोपी प्रसाद यांच्या पेढीने, परिस्थिती बदलली म्हणून वाढीव दर मागितला. 1960 साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. करार पाळणे महाग पडले एवढ्याने तो सुटत नाही, असे ठरले. त्या तुपाच्या आधारावर आजही सिमेंट-सळईची भांडणे चालतात. भाववाढीचे कलम करारात नसेल तर ठेकेदाराने ती जोखीम पत्करली असेच सामान्यतः धरतात.

आणि करारच नसेल तर? 'तुम्ही काम सुरू करा, कागद मागून करू' हे वाक्य न ऐकलेला ठेकेदार आम्हांस तरी भेटलेला नाही. बंगालमध्ये आरामबाग येथे 1944 साली बी. के. मंडल या पेढीने अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून कोठारे, कच्चा रस्ता, पहारेकऱ्याची खोली असे बांधकाम करून दिले. सरकारच्या वतीने करार ज्या रीतीने व्हावयास पाहिजे, तसा तो झालाच नव्हता. पैसे मागताच सरकार म्हणाले, करार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1961 साली 70 व्या कलमाचा आधार घेतला: काम फुकट करण्याचा हेतू नव्हता, सरकारने ते स्वीकारले व त्याचा लाभ घेतला, तेव्हा मोबदला दिलाच पाहिजे. ठेकेदाराचे भांडवल वाचले. तथापि या निकालाच्या भरवशावर कोणी तोंडी हुकमाने काम करू नये. करारातला दर मिळणे वेगळे आणि सतरा वर्षांनी वाजवी मोबदला मिळणे वेगळे.

आता येतो तो भाग, ज्यासाठी मुख्यत्वे आम्ही ही लेखणी उचलली. भांडण न्यावयाचे कोठे?

तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, बुऱ्हाणपुरावरून महाराष्ट्रात शिरते आणि गुजरातेत सुरतेजवळ समुद्रास मिळते. नदी एक, करार अधिनियम एक. परंतु सरकारी बांधकामाच्या तंट्याचे दरवाजे मात्र काठाकाठाने बदलतात. मध्य प्रदेशाने 1983 साली माध्यस्थम् अधिकरण अधिनियम केला. राज्य सरकारशी किंवा त्याच्या सार्वजनिक उपक्रमाशी झालेल्या बांधकाम-करारातून पन्नास हजार किंवा अधिक रुपयांचा तंटा उद्भवला, तर तो भोपाळच्या अधिकरणापुढेच न्यावा लागतो. करारात लवादाचे कलम असो वा नसो. केंद्राचा 1996 चा लवाद कायदा आल्यावर हे अधिकरण उरले की गेले, असा मोठा घोळ झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने एक सांगितले, 2012 साली दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, आणि अखेर 2018 साली एल. जी. चौधरी इंजिनिअर्सच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी राज्याचा कायदा कायम असल्याचा निर्वाळा दिला. गुजरातेतही 1992 च्या कायद्याने असेच न्यायाधिकरण आहे. मधल्या महाराष्ट्रात मात्र नाही; तेथे करारात लवाद असेल तर लवाद, नसेल तर दिवाणी न्यायालय. म्हणजे रावेरचा ठेकेदार काही मैल ओलांडून आमच्या जिल्ह्यात सरकारी काम घेतो, तेव्हा दगड तोच, वाळू तीच, पण तंट्याचा रस्ता पार बदललेला असतो. आणि हे त्यास पुष्कळदा बिल अडल्यावर कळते.

त्यातही काळाचा फास आहे. अधिनियमाच्या 7-ब कलमाप्रमाणे तंटा प्रथम करारात नेमलेल्या अंतिम अधिकाऱ्याकडे न्यावा लागतो. त्याचा निर्णय कळल्यापासून एक वर्षाच्या आत अधिकरणाकडे जावे. अधिकाऱ्याने निर्णयच दिला नाही तर? सहा महिने वाट पाहावी, आणि ते सहा महिने संपल्यापासून वर्षाच्या आत जावे. हे वाक्य वाचकांनी कृपया पुन्हा एकदा वाचावे. लोकनिर्माण विभागाच्या कचेरीत ठेकेदार खेपा घालतो, साहेब बदलतात, फाइल वर गेली असे ऐकू येते, पुढच्या महिन्यात या असे सांगतात. ठेकेदारास वाटते, अजून निर्णय झाला नाही म्हणजे आपला हक्क शाबूत आहे. कायद्याचे घड्याळ मात्र अर्ज दिल्याच्या दिवसापासून चालू असते. हा फास ज्याने वेळीच ओळखला, त्याने एखाद्या कुटुंबाचे घर वाचविले असे समजावे. कारण छोट्या ठेकेदाराची अनामत रक्कम बहुधा घर गहाण टाकूनच उभी केलेली असते.

घाटाचे काम सरकारने न देता एखाद्या खासगी धर्मादाय न्यासाने स्वतः दिले, तर हे अधिकरण लागू नाही. तेथे 1996 चा लवाद कायदा किंवा दिवाणी न्यायालय. अशा वेळी 'वादाचा निर्णय न्यासाचे अध्यक्ष देतील व तो बंधनकारक राहील' असे जुन्या धर्तीचे कलम आमच्यासारख्या संस्था अजूनही लिहितात. ते आता टाकून द्यावे. 2015 च्या दुरुस्तीपासून पक्षाशी असा निकट संबंध असलेला मनुष्य लवाद होऊ शकत नाही, आणि एकाच पक्षाने आपल्या मर्जीने लवाद नेमण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2024 साली कडक ताशेरे ओढून सार्वजनिक करारांत ती अवैध ठरविली आहे. अध्यक्षांचा मान मोठा. पण स्वतःच्याच तंट्यात न्यायाधीश होण्याइतका नव्हे.

हे सर्व शिकावे कोठे? मार्ग दोन आहेत. कायद्याची पदवी असणाऱ्याने एल्एल. एम. करताना प्रबंधासाठी हा विषय घ्यावा. भोपाळचे राष्ट्रीय विधि संस्थान किंवा इंदूरचे विद्यापीठ आपल्याला जवळ आहे, आणि अधिकरण भोपाळातच असल्याने प्रत्यक्ष कामकाज पाहण्याची सोय होते. ही सोय मुंबईच्या विद्यार्थ्यासही नाही! अभियंत्याला एल्एल. एम.ला थेट प्रवेश नाही, त्याला आधी तीन वर्षांची एल्एल. बी. करावी लागते, ते नको असेल तर पुण्याच्या निकमारसारख्या बांधकाम-व्यवस्थापनाच्या संस्थेत करार-व्यवस्थापन शिकता येते. परदेशात लंडनच्या किंग्ज कॉलेजात 1987 पासून बांधकाम-कायद्याचे केंद्र आहे. तेथील विशेष असा की वकील आणि अभियंते एकाच बाकावर बसतात. वकिलाला मोजमाप वही वाचता येत नाही, अभियंत्याला निकालपत्र वाचता येत नाही. दोघे एकमेकांस शिकवितात. मेलबर्नलाही असा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. परदेशाचा खर्च मोठा, आणि तेथे शिकलेले 7-ब कलम कोणी सांगणार नाही, म्हणून आमच्या मते आधी येथे दोन-तीन वर्षे काम करावे आणि मग जावयाचे तर जावे.

कोणता विद्यार्थी यात रमेल? ज्याला वादविवाद आवडतो तो नव्हे. ज्याला जुनी पत्रे तारीखवार लावण्याचा कंटाळा येत नाही तो. अभ्यासक्रमात त्याला एखाद्या कामाचा सर्व पत्रव्यवहार देतात: निविदा, दरसूची, कार्यादेश, मोजमाप वहीची पाने, चालू बिले, मुदतवाढीचे अर्ज, आणि शेवटी 'सर्व रक्कम पावली, काही मागणे नाही' अशी सही केलेली पावती. मग विचारतात, ही पावती खुशीने दिली की बिल अडवून घेतली? दडपणाखाली घेतलेली पावती हक्कास आड येत नाही, असे 2009 च्या बोघारा पॉलिफॅब निकालात आहे. पण दडपण सिद्ध करणारा कागद त्या गठ्ठ्यात असावा लागतो. तो शोधण्यात रात्र जाते.

आमच्या परिचयाच्या घरांत अशा गठ्ठ्यांची वाण नाही. पुलांची, शाळागृहांची, कालव्यांची कामे केलेल्या वडीलधाऱ्यांच्या पेट्यांत करारांच्या प्रती व बिले पडून आहेत. काही वाळवीने खाल्ली, काही दर दिवाळीस रद्दीत जातात. ज्या कुटुंबांना हरकत नसेल त्यांनी हे कागद, त्यांतील व्यक्तींची नावे झाकून का होईना, या विषयाकडे वळणाऱ्या मुलामुलींस वाचावयास द्यावेत. मोजमाप वहीतील एखादे पान समजून घ्यावयाचे असेल, तर ते काम स्वतः केलेले वृद्ध ठेकेदार आपल्यात आज आहेत, आणि मुलांनी जाऊन विचारले तर ते आनंदाने सांगतील.